टुईयाचं जांभळं डोकं

दिवाळीला बाई आली तेव्हा तिच्या एका हातात पत्र्याची पेटी होती आणि दुसऱ्या हातात पिंजरा. बाई म्हणजे माझी मोठी बहीण. एस.टी. गावच्या फाट्यावर थांबली, ती उतरली, आणि फाट्यावर बसलेल्या लोकांनी आधी पिंजरा पाहिला, मग तिला. सासरी मागे पाखराला दाणा घालणारं कोणी नाही म्हणून आणलं, असं ती म्हणाली. सगळ्यांना पटलं. मलाही पटलं.

आमचं गाव तुमसर तालुक्यात, बपेऱ्याच्या अंगाला. बावनथडी नदी ओलांडली की मध्य प्रदेश. बाईचं सासर त्या पलीकडच्या जंगलपट्टीत होतं. दिवाळीनंतर आमच्या भागात गावोगाव मंडई भरते. दिवसा दुकानं, रात्री नाटक, आणि घरोघरी पाव्हणे. आमच्या मंडईला जावई येणार आणि दुसऱ्या दिवशी बाईला घेऊन जाणार, असं ठरलेलं होतं. नेणारा आल्याशिवाय लेक आपल्या पायानं सासरी जात नाही, ही आमच्याकडची रीत. गेलीच, तर "कोनी आनली नाही, आपनच आली" हे तिला जन्मभर ऐकावं लागतं.

मंडई झाली. जावई आला नाही.

काही निरोप असेल म्हणून वाट पाहिली. धानाची कापणी झाली, बांधणी झाली, चुरणी झाली. बावनथडीचं पाणी उतरलं, लोक पायी नदी पार करू लागले. पलीकडचे व्यापारी येत, मोहफुलाचे भाव बोलत, पण बाईच्या सासरचं कोणी आलं नाही. होळीच्या सुमारास कुठूनतरी कळलं की तिकडे दुसरी मुलगी पाहणं सुरू आहे. बाईच्या लग्नाला काही वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. कोणी कोणाला समजावून सांगायची गरज पडली नाही.

आई रडली. बाबा बांधीवर, म्हणजे धानाच्या शेतावर, निघून गेले. बाईनं पिंजऱ्यातलं पाणी बदललं.

मी तेव्हा भंडाऱ्याला कॉलेजात होतो. बी.एस्सी. आमच्या घरात माझ्याआधी कोणी मॅट्रिकही नव्हतं. आजोबांनी आयुष्यभर अंगठा केला, बाबा सही करायचे पण ती चित्र काढल्यासारखी. मी पुढे ग्रॅज्युएट झालो, हे मी लाजून सांगत नाही. वसतिगृहात एकच वेळ जेवलो तरी चालायचं, पण तास बुडवला नाही. सुटी लागली की गावी यायचो आणि बाई जिथं दिसायची तिथंच दिसायची. सपरीत, म्हणजे घराच्या पुढच्या पडवीत, खांबाला टेकून. पिंजरा वरच्या वाशाला टांगलेला. तिथून फाट्यापर्यंतचा रस्ता दिसतो.

पाखराबद्दल जरा सांगतो.

लोक पोपट म्हटलं की तो मोठा हिरवा, लाल चोचीचा, गळ्यात गुलाबी पट्टी असलेला समजतात. हा तो नव्हे. आमच्या भागात याला टुईया म्हणतात. तो ओरडतो तेच त्याचं नाव. मोठ्या पोपटासारखा तो किरकिर करत नाही. टुई, टुई, असा गोड पण टोकदार आवाज, शीळ घातल्यासारखा. अंगानं सडपातळ. शेपटी अंगापेक्षा लांब, मधली दोन पिसं निळसर आणि टोकाला पांढरी, पेरूच्या पानाआडून पहिल्यांदा तीच दिसतात. चोच पिवळी, पिकल्या बोराच्या रंगाची.

बाई घेऊन आली तेव्हा त्याचं डोकं राखाडी होतं. चुलीतल्या राखेवर थोडं पाणी पडल्यावर जसा रंग येतो तसं. मानेभोवती फिकट पिवळं कडं. असं राखाडी डोक्याचं पाखरू म्हणजे मादी, असं सगळे धरून चालतात, म्हणून सासरी त्याला मैना म्हणत. जावयानंच ते मोहाच्या ढोलीतून काढून आणलं होतं, पंख फुटायच्या आत. लग्नानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात. आणलं तेव्हा बाईच्या ओंजळीत मावत होतं आणि तिनं त्याला भिजवलेली डाळ चावून भरवली.

जंगलात ही पाखरं जोडीनं किंवा थव्यानं राहतात. दाट रानात नाही, रानाच्या कडेला. जिथं मोह, येन, पळस संपतो आणि बांध्या सुरू होतात तिथं. फाल्गुनात पळस फुलला की थवेच्या थवे त्याच्यावर उलटे लटकून फुलातला रस पितात आणि अर्धी फुलं तोडून खाली टाकतात. उडतात तेव्हा बाणासारखे. झाडांच्या मधून जाताना सगळा थवा एकदम वळतो, एकाही पंखाचा फांदीला धक्का लागत नाही. मी कॉलेजात पुस्तकात हे वाचलं तेव्हा गंमत वाटली. छापलेलं होतं ते सगळं मी लहानपणी म्हशी चारताना पाहिलेलं होतं. पण पुस्तकात आहे म्हटल्यावर त्याला किंमत आली असं मला वाटलं. तेव्हा तसंच वाटायचं.

पिंजऱ्यातला टुईया मात्र आमच्यासारखाच दिवस काढत होता. सकाळी हरभऱ्याची डाळ, दुपारी हिरवी मिरची, कधी पेरूची फोड. पंजात फोड धरून, डोकं तिरपं करून, एकेक कण खाई. मिरची खाल्ली की पोपटाची जीभ पातळ होते आणि तो बोलतो, असं आई म्हणायची. म्हणून तिनं त्याला खूप मिरच्या चारल्या. तो बोलला नाही. ही जात बोलण्यात मंदच. शीळ मात्र उचलायचा. बाबा बैलांना पाणी पाजताना घालायचे ती शीळ त्यानं उचलली, आणि मग गोठ्यातले बैल उगाच मान वर करायचे. संध्याकाळी चोच चोचीवर घासत बसायचा. करकर असा आवाज येई. म्हणजे आता झोपणार. मग एक पाय पोटात घेऊन, डोकं पाठीत खुपसून बसायचा आणि बाई पिंजऱ्यावर जुनं लुगडं टाकायची. टाकायच्या आधी एकदा रस्त्याकडे पाहायची.

ती बांधीवर येत नव्हती. रोवणी असो, निंदण असो. आमच्या घरात बायका बांधीवर नाही गेल्या तर धान घरात येत नाही, हे तिला माहीत होतं. लग्नाआधी ती रोवणीला सगळ्यांच्या पुढे असायची. बाबांनी एकदा म्हटलं, आई खूपदा म्हणाली. ती म्हणायची, घरी कोनी पाहिजे. घरी कोणी कशाला पाहिजे, हे कोणी विचारलं नाही. तिला वाटायचं, आपण बांधीवर असू आणि कोणी येऊन परत जाईल. एवढंच होतं. त्या एवढ्यावर ती उभं साल बसून राहिली, मग दुसरं.

गावातल्या बायका बोडीवर, म्हणजे गावच्या लहान तळ्यावर, धुणं धुताना बोलायच्या. आमची चुलत आजी तोंडावर बोलायची. एकदा सपरीत येऊन म्हणाली, "काहून वो पोरी, पिंजऱ्यात कोन हाये, तू का ते?" बाई म्हणाली, "तू आत ये आजी, चहा मांडतो." आजीनं चहा घेतला आणि गेली.

दुसऱ्या उन्हाळ्याच्या सुटीत मी आलो तेव्हा बाईनं मला पिंजऱ्याजवळ बोलावलं. पाखराच्या चोचीच्या वर, राखाडीत, जांभळट ठिपके आले होते. दोन-चार पिसं. मी म्हटलं, खरूज झाली काय. ती हसली. तिला हसताना खूप दिवसांनी पाहिलं म्हणून लक्षात राहिलं.

"राघू आहे हा," ती म्हणाली. "लहानपनी सारेच राखट राहतात. तिसऱ्या सालात याचं डोकं जांभळं होते."

"तुले कोनं सांगितलं?"

"ज्यानं आनला त्यानं. आनला त्याच दिवशी सांगितलं होतं मले. म्हने, घरात सांगू नको, मैना मनत्यात तं मनू दे. रंग आला का मंग पाहजो त्यायचं तोंड."

जावई कमी बोलणारा माणूस होता. आईबापापुढे तर शब्द नाही. त्याच्याबद्दल बाईच्या तोंडून मी ऐकलेली ही एवढीच गोष्ट. दोघांची मिळून एक गंमत होती आणि ती पिकायला तीन सालं लागणार होती. आता ती आमच्या सपरीत पिकत होती.

त्या पावसाळ्यात रंग भरत गेला. आधी डोकं चिंधीसारखं दिसायचं, अर्धं राखट, अर्धं लाल. मग पोळ्याच्या सुमाराला पुरा झाला. जांभूळ पिकलं की त्यावर जशी निळी साय दिसते, तसा डोक्याचा रंग. गालाकडे लाल, मागे निळसर. गळ्याखाली काळी रेघ, दोऱ्यानं बांधल्यासारखी. खांद्यावर दोन तांबडे डाग. त्याचं वागणंही बदललं. पाण्याच्या पितळी वाटीत आपलं तोंड दिसलं की तिच्यापुढे मान वाकवायचा, डोळ्यांची बाहुली लहानमोठी करायचा, घशातून दाणा वर आणून वाटीला भरवायचा. आई म्हणायची, आता याला बायको पाहिजे. म्हणायची आणि मग गप्प व्हायची.

गणपतीला मी घरी आलो होतो. गणपती उठल्यावर तिकडून माणूस आला. बाईला न्यायला नाही. फारकतीची बैठक लावू, असा निरोप घेऊन.

बाबांनी निरोप ऐकला.  दुसऱ्या दिवशीपासून त्यांनी घरात शोध सुरू केला. लग्नात आणि लग्नानंतर त्या घराकडून जे जे आलं होतं ते सगळं ते सपरीत आणून ठेवू लागले. लुगडी, जोडवी, एक परात, सणाला आलेली टोपली. टोपली रिकामी होती आणि तिचं बूड गेलेलं होतं, ती पण. आई म्हणाली, अहो, टोपली कोणी मागते का. बाबा म्हणाले, मागो न मागो. आमच्या बाबांचं तसंच होतं. दुसऱ्याच्या बांधीतून वाहून आलेली मासोळी ते परत सोडत. शेवटी त्यांनी पिंजऱ्याकडे पाहिलं.

"पाखरू त्यायचं आहे," ते म्हणाले.

बाईनं रस्त्याकडे पाहिलं. माझ्या लक्षात आलं की आता फक्त हेच राहिलं आहे. बाकी सगळं परत गेलं आणि पिंजराही गेला, की कोणी यायचं कारणच उरत नाही.

बैठक आमच्याच सपरीत झाली. आमच्याकडचे म्हातारे, तिकडून आलेले काही लोक. जावई आला नव्हता. त्याचा बाप आजारी होता म्हणून मोठा काका आला. लठ्ठ, गळ्यात गमछा, तिकडे धानाचा व्यापार करायचा. बोलणं गोड. आमच्या पोराचाही जीव लागला होता, पण काय करता, वगैरे. बाबांनी सामान पुढे ठेवलं. काकानं एकेक वस्तू पाहिली, मान हलवली. फुटक्या टोपलीलाही मान हलवली. मग बाबांनी वाशावरून पिंजरा काढून त्याच्यापुढे ठेवला.

काका वाकून पाहू लागला. बराच वेळ पाहिलं.

"हे आमचं नाही," तो म्हणाला.

बाबांना कळलंच नाही.

"आमची मैना होती. राखाडी. मी सोता दाना टाकला आहे तिले. हा राघू आहे. तुम्ही मैना ठेवून घेतली, नाही तं मेली असंल, अन् हे दुसरं धरून आनलं."

बैठकीत कोणीतरी हसलं. आमच्या बाजूचा एक म्हातारा म्हणाला, आमच्या गावचं पाणीच तसं आहे, मैनेचा राघू होते. त्यावर तिकडचा एकजण म्हणाला की मग सुनेलाही थोडं जास्त पाजायचं होतं. मग कोणी हसलं नाही.

बाबांचा चेहरा राखेसारखा झाला. फुटकी टोपली परत करणाऱ्या माणसाला पाखरू बदलल्याचा आळ. ते माझ्याकडे वळले. "तू सांग. तू कॉलेजात हायेस."

मी सांगितलं. उभा राहून सांगितलं, जसं वर्गात सांगतात. या जातीत पिल्लू नर असो की मादी, राखाडीच असते, नराला रंग उशिरा येतो, पुस्तकात तसं लिहिलं आहे, आणि आमच्या घरानं ते डोळ्यांनी पाहिलं आहे. मला वाटलं, झालं. बी.एस्सी. शिकणारा मुलगा बोलतो आहे.

काका शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "पुस्तक तुमचं, पोपट तुमचा, अन् साक्षही तुमचीच. मंग आम्ही कायले आलो?"

बैठक त्याच्या बाजूनं हलली. मला दिसलं. शिकलेला माणूस बोलला की लोक आधी गप्प होतात आणि मग त्याच्याविरुद्ध जातात, हे मी नंतरही पाहिलं आहे. मी पुन्हा बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात दाराच्या आतून बाई बोलली. बैठकीत बायका बोलत नाहीत. ती चौकटीच्या आत उभी होती, पदर डोक्यावर, आवाज मोठा नाही.

"ज्यानं आनला त्यानं येऊन पाहावं."

काका म्हणाला, त्याची काय गरज आहे.  पण म्हाताऱ्यांना बाईचं पटलं. वस्तू कोणाची यावर भांडण असेल तर आणणाऱ्यानं ओळख द्यावी, ही जुनीच रीत. बैल हरवला तरी तेच करतात. फारकत तेवढ्यावर थांबली. पाखराची ओळख पटेपर्यंत मोकळं कोणी नाही, असं ठरलं. काकानं सामान गाडीत टाकलं, पिंजरा आमच्या सपरीत ठेवला आणि गेला.

बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. बाई जेवली.

दसऱ्यापर्यंत मी गावीच राहिलो. कॉलेजात कळवलं की आजारी आहे. तास बुडवले ते तेवढेच.  हलकं, म्हणजे लवकर येणारं, धान लोंबीवर आलं होतं. आई आणि बाबा पहाटेच राखणीला जात, कारण धान पिकू लागलं की पोपट उतरतात. अख्खी लोंबी देठासकट तोडतात, दोन-चार दाणे खातात आणि टाकून देतात. खाण्यापेक्षा नासाडी जास्त. बाई सपरीत बसून होती. तिनं लुगडं रोज बदललं, केस रोज विंचरले. पिंजरा घासून तांबड्या मातीनं पुसला. मला वाटतं ती आशेवर होती. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. माझ्याही आत काही हलत नव्हतं, तेव्हा मी तिच्याबद्दल काय सांगू.

तो आला तेव्हा सकाळ होती. बावनथडीला पाणी होतं, सायकल डोंग्यात घालून आला असावा, कारण चाकांना चिखल होता. एकटाच आला. बाईनं त्याला फाट्यावरच पाहिलं असणार. ती उठली, आत गेली, पाण्याचा लोटा घेऊन बाहेर आली आणि पायरीवर ठेवला. त्यानं पाय धुतले. मी म्हाताऱ्यांना बोलावून आणलं, बांधीवरून बाबांना आणलं. तोवर तो खांबाशी बसून होता आणि बाई आत. दोघं काही बोलले असतील असं मला वाटत नाही.

सगळे बसले. बाबांनी पिंजरा काढून त्याच्यापुढे ठेवला, काकापुढे ठेवला होता तसाच.

तो उकिडवा बसला. पाखरू आधी मागच्या कोपऱ्यात गेलं. मग दांडीवरून आडवं आडवं सरकत पुढे आलं, अगदी तारेला टेकलं, आणि मान खाली घालून डोक्यावरची पिसं फुगवली. खाजवून मागायची ही त्याची रीत. बाईशिवाय कोणाला तो हे करू देत नसे. मला दोनदा चावला होता. जावयानं तारेतून बोट घातलं आणि त्या जांभळ्या डोक्यावर, मागच्या बाजूला, हळूहळू फिरवलं. पाखरानं डोळे मिटले.

सगळी सपरी पाहत होती. माझ्या बाजूला बसलेला म्हातारा सुटल्यासारखा श्वास टाकून मागे सरकला. बाबांनी मान वर केली.

जावयानं बोट काढून घेतलं. उठून उभा राहिला.

"हा आमचा नाही," तो म्हणाला.

 बाबा म्हणाले, नीट पहा बापू.

"पायलं. आमची मैना होती. ते आमच्याच घरून उडून गेली होती, दिवाळीच्या आधी. हे पाखरू इथलंच आहे. इथून कोनं काही बदललं नाही, तसं मी घरी सांगतो."

हे खोटं होतं. बाई पिंजरा घेऊन एस.टी.तून उतरली तेव्हा फाट्यावर अर्धं गाव होतं, आणि आता त्यातले काहीजण इथंच बसले होते. पण कोणी तोंड उघडलं नाही. बाबांवरचा आळ गेला होता. तिकडची एकही वस्तू आता इकडे नव्हती. बैठकीला आणखी काय पाहिजे. एका म्हाताऱ्यानं विचारलं, मग फारकत पुरी समजायची? त्यानं मान हलवली. दाराकडे त्यानं पाहिलं नाही.

आतून बाई म्हणाली, "चहा घेऊन जा म्हनाव."

त्यानं चहा घेतला. उभ्यानंच. बशी ठेवली, बाबांच्या पाया पडला आणि सायकल हातात धरून फाट्यापर्यंत चालत गेला. तिथून बसला असेल. मी पाहिलं नाही.

दुपारी बाई मागच्या अंगणात त्याची कपबशी घासत होती. मी तिच्याजवळ बसलो. मला वाटलं, ती रडेल, मग काय करायचं ते मला माहीत नव्हतं.

"त्यानं ओळखलं होतं," मी म्हटलं. "बोट घातलं तेव्हाच ओळखलं."

"त्याले कायले ओळखाचं लागते. त्याले तं माहीतच होतं."

"मग नाही काहून म्हटलं?"

तिनं कप उलटा करून पाणी निथळवलं.

"देऊन गेला," ती म्हणाली.

नंतर मी पुष्कळ वेळा विचार केला की आईबापापुढे शब्द न बोलणारा माणूस सगळ्या बैठकीपुढे तेवढं बोलला, म्हणजे त्याच्या मानानं खूप बोलला. पाखरू देण्याइतका तो धीट होता. तिला नेण्याइतका नव्हता. त्याचं पुढच्या उन्हाळ्यात लग्न झालं असं ऐकलं. मला राग येत नाही, चांगलंही वाटत नाही. भंडाऱ्याला नोकरी लागल्यावर कारध्याच्या पुलावरून जाताना कधी टुईयाचा थवा वैनगंगा ओलांडताना दिसायचा, तेव्हाही काही वाटायचं नाही. वर पाहायचो, एवढंच.

दुसऱ्या दिवशी मी पहाटे उठलो तर सपरी रिकामी होती. पिंजरा वाशाला, वर लुगडं तसंच. मला वाटलं, बाई बोडीवर गेली. आईला विचारलं. आई चुलीपुढे बसलेली, म्हणाली, राखणीला गेली, गोफण घेऊन. 

मी मागून गेलो. धुकं बांध्यांवरून उठत होतं. बाबा बांधावर उभे होते आणि बाई वर, माचाणीवर. खाली पाहत नव्हती. तेवढ्यात रानाच्या कडेनं थवा आला, टुई टुई करत, एकाच वळणात आमच्या हलक्या धानात उतरला. बाईनं गोफणीत दगड ठेवला, डोक्यावरून फिरवला आणि सोडला. दगड गुणगुणत गेला. मग ती ओरडली. हाऽऽ रे, हाऽऽ. दोन सालांत तिचा एवढा मोठा आवाज मी ऐकला नव्हता, बाबांनीही नसेल. थवा एकदम उठला, सगळा एकाच अंगानं वळला, आणि वळताना उन्हात डोकी दिसली. काही राखाडी, काही जांभळी. तिनं दुसरा दगड ठेवला.

ऊन चढल्यावर ती उतरली. पोपटांनी तोडून टाकलेल्या लोंब्या बांधीत पडल्या होत्या, अर्ध्या खाल्लेल्या. तशा लोंब्या कोणी उचलत नाही. तिनं त्या वाकून वाकून गोळा केल्या, ओच्यात घातल्या आणि घरी आली. हातपाय धुतले. आईनं वाढलं ते जेवली. मग सपरीत जाऊन पिंजऱ्यावरचं लुगडं काढलं आणि वेचून आणलेल्या लोंब्या एकेक करून तारेत खोचल्या.